‘एमएस-सीआयटी झालंय का?’

महाराष्ट्रात सरकारी नोकरीची जाहिरात वाचणाऱ्या प्रत्येकाला एक ओळ पाठ असते. वयोमर्यादा, शिक्षण, टंकलेखनाचा वेग यांच्या खाली ‘संगणक अर्हता’ नावाची ओळ येते, आणि तिच्यात सामान्य प्रशासन विभागाच्या १९ मार्च २००३ च्या शासन निर्णयाचा हवाला असतो. डीओईएसीसी सोसायटीचं सीसीसी, ओ लेव्हल, ए लेव्हल वगैरे, किंवा एमएस-सीआयटी. यापैकी काहीतरी एक हवं.

ही ओळ वाचत एक अख्खी पिढी मोठी झाली. मीही त्यातलाच. आमचं धानोरा नंदुरबार तालुक्यातलं (धानोरा म्हटलं की लोकांना गडचिरोलीचं आठवतं, ते वेगळं). आमच्याकडे दहावीची परीक्षा संपली की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा : ‘एमएस-सीआयटी लावलं का?’ आणि नोकरीचा अर्ज भरायला बसलं की, ‘एमएस-सीआयटी झालंय का?’ संगणक येतो का, असं मात्र फारसं कुणी विचारत नव्हतं.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि अधूनमधून इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. समोर आलेल्या बायोडेटात सात-आठ सर्टिफिकेटं असतात. काही खरी, काही अर्धी खरी. त्यामुळे मला या कागदाच्या इतिहासात रस निर्माण झाला. आपल्याला एखादी गोष्ट येते हे अनोळखी माणसाला पटवायचं कसं? हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे.

त्यात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. कागद खरा आहे का? तो तुमचाच आहे का? आणि कागदावर लिहिलेलं तुम्हाला येतं का? आपल्या इतिहासात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी शोधली. तिसऱ्याचा नंबर नेहमी शेवटी लागला.

बी.ए. नापास आणि मिनिटाला चाळीस शब्द

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याआधी नोकरीसाठी लागायची ती ओळख आणि शिफारसपत्र. कुणा साहेबाने ‘हा माणूस प्रामाणिक व कष्टाळू आहे’ असं लिहून दिलं, की ती चिठ्ठी आयुष्यभर जपून ठेवायची. विद्यापीठ आल्यावर चिठ्ठीची जागा पदवीने घेतली. पदवी देणारा तुम्हाला व्यक्तिशः ओळखत नव्हता, फक्त तुमचा पेपर तपासत होता. हा मोठाच बदल होता.

त्या काळातली एक गोष्ट आज विनोदी वाटते. लोक अर्जात ‘बी.ए. नापास’ असं लिहायचे, आणि ते लपवण्यासारखं नव्हतं. बी.ए.पर्यंत पोचलो, परीक्षेला बसलो, इतकं इंग्रजी येतं, एवढा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्दही असाच वापरात होता. जेवढं झालंय तेवढंच सांगायचं, आणि त्यालाही बाजारात काहीतरी किंमत होती. आज लिंक्डइनवर ‘परीक्षा दिली, नापास झालो’ असं लिहिणारा माणूस मला अजून दिसलेला नाही.

विसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या आणि टंकलेखनाच्या परीक्षेला महत्त्व आलं. गल्लीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायचं, रेमिंग्टन किंवा गोदरेजच्या मशीनवर बोटं बसवायची आणि सरकारी वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा द्यायची. गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये आणला, तोही मुंबईतच बनलेला. सरकारी लिपिकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट आजही जाहिरातीत दिसते.

टायपिंगच्या परीक्षेत एक चांगली गोष्ट होती. तिच्यात मोजलं जायचं ते थेट कौशल्य. चाळीस शब्द म्हणजे चाळीस शब्द. समोर उतारा, हातात मशीन, भिंतीवर घड्याळ. साहेबाला शंका आली तर तो तुम्हाला त्याच्या कचेरीतल्या मशीनवर बसवून पाच मिनिटांत खात्री करून घेऊ शकत होता. प्रमाणपत्र आणि कौशल्य यांच्यातलं अंतर फार कमी होतं.

महाराष्ट्रात टाइपरायटरवरची परीक्षा २०१७ मध्ये संपली आणि तिची जागा संगणक टंकलेखनाने घेतली. तोवर ‘संगणक येतो’ या वाक्याचा पसारा खूप वाढला होता. टायपिंगचा वेग मोजता येतो. ‘संगणक येणं’ मोजायचं कसं?

हिरव्या शाईची सही

त्याकडे वळण्याआधी पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे कागद खरा की खोटा याचं, आपण काय केलं ते पाहू.

आपल्या आई-वडिलांना विचारा. अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र पाठवता येत नसे, म्हणून झेरॉक्स जोडायची. झेरॉक्स खरी आहे हे सांगायला ती ‘साक्षांकित’ करून घ्यायची. त्यासाठी राजपत्रित अधिकारी शोधायचा. त्याची हिरव्या शाईतली सही, गोल शिक्का आणि ‘सत्यप्रत’ असा ठसा. अधिकारी नाही मिळाला तर विशेष कार्यकारी अधिकारी म्हणून नेमलेली गावातली प्रतिष्ठित व्यक्ती गाठायची.

ज्याचे काका तहसील कार्यालयात आहेत त्याचं काम दहा मिनिटांत व्हायचं. पाड्यावरून एसटीने आलेल्या मुलाला साहेब जेवायला गेलेत, मीटिंगला गेलेत, उद्या या, असं ऐकावं लागायचं. प्रामाणिकपणा सिद्ध करायला दोन दिवसांची मजुरी बुडायची. आणि सही करणारा बहुतेक वेळा मूळ कागदाकडे नीट पाहायचाही नाही. झेरॉक्स मूळ कागदासारखी आहे एवढंच तो सांगणार. मूळ कागदच बनावट असेल तर त्याला कळायचा मार्गच नव्हता.

ही पद्धत मोडीत काढायला बरीच वर्षं गेली. केंद्र सरकारने २०१४ च्या सुमारास स्वयंसाक्षांकनाचा आग्रह धरला. महाराष्ट्र सरकारने ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने प्रतिज्ञापत्रं आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरवलं. म्हणजे आपल्याच झेरॉक्सवर आपणच सही करायची : ही प्रत खरी आहे, खोटी निघाली तर मी जबाबदार.

वरवर पाहता ही फक्त सोय वाटते. पण त्यात सरकारने एक गोष्ट मान्य केली : साहेबाच्या शिक्क्यापेक्षा नागरिकाचा शब्द कमी प्रतीचा नाही. शब्द मोडला तर शिक्षा आहेच. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४७१ खाली गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. फरक एवढाच की आधी सगळ्यांवर संशय घेतला जायचा, आता खोटं बोलणाऱ्यावर कारवाई व्हावी अशी अपेक्षा आहे.

क्लासेसचा सुकाळ

आता संगणकाकडे. एनआयआयटी १९८१ मध्ये सुरू झाली, ॲपटेक १९८६ मध्ये. नव्वदच्या दशकात, आणि वायटूकेच्या धामधुमीत तर विशेष, शहरोशहरी कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या झळकल्या. डीसीए, ॲडव्हान्स डिप्लोमा, ऑनर्स डिप्लोमा अशी भारदस्त नावं आली. काही क्लास खरोखर चांगले होते. काहींत चार मशीन, त्यातली दोन बंद, आणि शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. दोन्हींचा कागद सारखाच चकचकीत.

यात शिस्त आणायचा एक प्रयत्न केंद्राने केला. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९९० च्या सुमारास ओ, ए, बी, सी अशा पातळ्यांची डीओईएसीसी योजना आणली. शिकवणारी संस्था खासगी, पण परीक्षा देशभर एकच आणि ती घेणारा वेगळा. हीच संस्था आता नायलिट म्हणून ओळखली जाते. कल्पना साधी आणि महत्त्वाची होती : ज्याने फी घेतली त्यानेच पास करायचं नाही.

महाराष्ट्राने पुढचं पाऊल २००१ मध्ये टाकलं. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजे एमकेसीएल, ही कंपनी स्थापन झाली. पुण्याच्या सीडॅकमधून आलेले विवेक सावंत तिचे व्यवस्थापकीय संचालक झाले. एमएस-सीआयटी हा तिचा अभ्यासक्रम. शिकवायला गावोगावची अधिकृत केंद्रं, अभ्यास मराठीतूनही, अंतिम परीक्षा संगणकावर आणि प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं. शिकवणारा एक, प्रमाणपत्र देणारा दुसरा.

नंदुरबार जिल्हा तेव्हा नवाच होता, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला. आदिवासीबहुल, अहिराणी आणि भिली बोलणारा, नकाशावर राज्याच्या वायव्य टोकाला. अशा जिल्ह्यातल्या मुलाला पुण्यातल्या मुलासारखंच, त्याच मंडळाचं, त्याच नमुन्याचं प्रमाणपत्र मिळू लागलं. ही गोष्ट लहान नाही. त्याआधी क्लासच्या नावावरूनच तुमचं गाव कळायचं आणि गावावरून तुमची किंमत ठरायची. एक कोटीहून जास्त लोकांनी एमएस-सीआयटी केलं. त्यातल्या अनेकांनी माउस पहिल्यांदा तिथेच हातात धरला.

पण मग तो १९ मार्च २००३ चा शासन निर्णय आला आणि प्रमाणपत्र नोकरीला जोडलं गेलं. बऱ्याच पदांसाठी नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत, साधारण दोन वर्षांत, ते मिळवायची सवलत होती. आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही मुदत दिली गेली. ३१ डिसेंबर २००७ ही तारीख अनेक शिक्षकांना अजून आठवत असेल, कारण तोवर परीक्षा पास न झालेल्यांच्या वेतनवाढी आणि त्यांची वसुली हा पुढे कित्येक वर्षं वादाचा आणि कोर्टकचेरीचा विषय झाला.

डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीचे मुख्याध्यापक, शेजारच्या मशीनवर त्यांचाच नववीतला विद्यार्थी. मुलाला संगणक शिकायचा आहे, सरांना वेतनवाढ वाचवायची आहे. अभ्यासक्रम एकच, पण एकाला ज्ञान हवं आणि दुसऱ्याला कागद. सर अप्रामाणिक होते असं नाही. शाळेत संगणकच नव्हता तर ते शिकून करणार काय होते? पण कौशल्याऐवजी कागदालाच पगार जोडला, की कागदाची मागणी वाढते. आणि मागणी वाढली की पुरवठा करणारे कुठून तरी उगवतातच.

अंगठा कुणाचा?

दुसरा प्रश्न : कागद खरा आहे, पण तो तुमचाच का?

परीक्षेला दुसऱ्यालाच बसवायचं, म्हणजे ‘डमी’ उमेदवार, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास आहे की शब्दही मराठी झाला आहे. मध्य प्रदेशातल्या व्यापम घोटाळ्याने २०१३ मध्ये त्याचं संघटित रूप देशाला दाखवलं. त्यात कागद बनावट नसतो. परीक्षा खरी, गुण खरे, शिक्का खरा. फक्त पेपर लिहिणारा हात वेगळा.

आयटी क्षेत्राला हा धडा पुण्यात मिळाला. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांतून पैसे वळते केल्याचं प्रकरण उघडकीला आलं. बातमी जगभर गेली. भारतातल्या कंपन्या कामावर कुणाला घेतात, त्याची पार्श्वभूमी तपासतात का, असे प्रश्न परदेशी ग्राहक विचारू लागले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, नॅसकॉमने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. आयटी कर्मचाऱ्याची ओळख, शिक्षण आणि आधीच्या नोकऱ्या एका ठिकाणी नोंदवायच्या, सोबत फोटो आणि बोटांचे ठसे.

म्हणजे हिंजवडीतले इंजिनियर बोटांचे ठसे देऊ लागले, तेव्हा ‘आधार’ अजून यायचं होतं. ते आलं चार वर्षांनी, आणि ते आलं आमच्या जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. नंदुरबारचं नाव त्या दिवशी देशभरच्या टीव्हीवर होतं.

आधारने ‘हा माणूस तोच का’ या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर दिलं. परीक्षा केंद्रावर अंगठा लावला की डमीला बसणं अवघड होतं, अशक्य नाही. पण टेंभलीतला तो क्रमांक एवढंच सांगतो की तुम्ही तुम्हीच आहात. तुम्हाला एक्सेल येतं का, हे तो सांगत नाही.

कागद खरा, निकाल खोटा

मग डिसेंबर २०२१ उजाडला. पुणे पोलिसांनी शिक्षक पात्रता परीक्षेतला, म्हणजे टीईटीमधला, गैरव्यवहार उघड केला. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. २०१९-२० च्या परीक्षेत नापास उमेदवारांना पैसे घेऊन पास दाखवल्याचा आरोप होता. पुढच्या वर्षी परिषदेने साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली.

ही टीईटीची गोष्ट, संगणकाची नाही. तरी इथे सांगतोय त्याला कारण आहे. टंकलेखनाची परीक्षा घेणारी परिषदही हीच. आणि तोवर आपण गृहीत धरलं होतं की खोटेपणा उमेदवाराच्या बाजूला असतो आणि खरेपणा शिक्का मारणाऱ्याच्या. साक्षांकन, हॉलोग्राम, क्यूआर कोड, सगळी यंत्रणा याच गृहीतकावर उभी आहे. शिक्क्याच्या घरातच गडबड झाली तर क्यूआर कोड स्कॅन केल्यावर हिरवी टिकच दिसणार.

यात सर्वात मोठं नुकसान कुणाचं झालं? त्याच परीक्षेत रात्र-रात्र जागून खरोखर पास झालेल्यांचं. कुणी स्टाफरूममध्ये ‘तुमची बॅच २०१९ ची का?’ असं सहज विचारलं तरी त्यांना खुलासा करावासा वाटणार. त्यांनी काहीच केलेलं नाही.

अर्थशास्त्रात याचं गणित मांडलेलं आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेतलं. चांगली गाडी आणि भंगार गाडी बाहेरून सारखीच दिसत असेल, तर गिऱ्हाईक दोन्हींना मधलीच किंमत देतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे भंगारच उरतं. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल लिहिलं : पदवीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ती मिळवणं न येणाऱ्याला येणाऱ्यापेक्षा जास्त जड जातं. खोटी पदवी स्वस्तात मिळू लागली की खऱ्या पदवीचाही संकेत म्हणून उपयोग संपतो. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं ते २००१ साली. एमकेसीएलचा जन्म झाला तेच वर्ष.

‘पेपर’ इंजिनियर

खासगी कंपन्यांच्या सर्टिफिकेटांचंही हेच झालं. नॉव्हेल ही नेटवर्किंगमधली एकेकाळची बडी कंपनी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिने सीएनई हे प्रमाणपत्र सुरू केलं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट आली, १९९३ मध्ये सिस्कोचं सीसीआयई. यातल्या सीसीआयईसाठी प्रयोगशाळेत बसून खरोखर नेटवर्क उभारून दाखवावं लागायचं. बाकीच्या बऱ्याच परीक्षा मात्र पर्याय निवडण्याच्या होत्या.

पर्याय निवडायचे म्हटलं की पाठांतर आलं. परीक्षेतले प्रश्न बाहेर आणून विकण्याचा धंदा उभा राहिला. त्या पीडीएफना ‘डंप’ म्हणतात, आणि ‘डंप आहे का?’ हा प्रश्न आजही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. प्रमाणपत्र आहे पण सर्व्हरला कधी हात लावलेला नाही, अशा माणसाला अमेरिकेत ‘पेपर एमसीएसई’ म्हणायचे. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द लागला नाही. ‘घोकून पास’ पुरेसा होता.

डंपवाल्याची एक बाजूही समजून घ्यायला हवी. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या असोसिएट परीक्षेची फी दीडशे डॉलर आहे. नंदुरबारमधल्या एखाद्या घराचा तो महिन्याचा खर्च असू शकतो. पैसे एकदाच जमणार, नापास झालं तर गेले. अशा वेळी दोनशे रुपयांची पीडीएफ मोह घालते. हे समर्थन नाही. पण प्रामाणिकपणा महाग आणि लबाडी स्वस्त असेल, तर व्यवस्था बांधणाऱ्याने आधी किंमतींकडे पाहायला हवं. एनपीटीईएलने हे बऱ्यापैकी साधलं : आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिका, आणि प्रमाणपत्र हवं तर माफक फी भरून केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून परीक्षा द्या.

आता क्यूआर

१ जुलै २०१५ रोजी डिजिटल इंडियासोबत डिजिलॉकर आला. पुढे २०१६ च्या नियमांनी त्यातल्या अधिकृत कागदपत्रांना मूळ प्रतीइतका दर्जा दिला. पदव्यांसाठी २०१७ मध्ये नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी सुरू झाली. हिरव्या शाईचा सगळा खटाटोप फोनमध्ये आला. पाड्यावरच्या मुलाच्या दोन दिवसांच्या मजुरीचा हिशोब करा, म्हणजे याचं मोल कळेल.

एक बारकावा मात्र अनेकांना माहीत नसतो. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. मंडळाने किंवा विद्यापीठाने थेट दिलेली कागदपत्रं, आणि आपण स्वतः फोटो काढून चढवलेली. पहिली पडताळलेली असतात. दुसरी म्हणजे फक्त आपल्या कपाटातली झेरॉक्स. डिजिलॉकरच्या ॲपमध्ये दिसतंय म्हणून ते सरकारने तपासलंय असं होत नाही.

क्यूआरचंही तसंच. क्यूआर म्हणजे एक पत्ता. तो कुठे नेतो ते पाहायचं असतं. संस्थेच्या खऱ्या संकेतस्थळावर नेत असेल तर ठीक, मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच पानावर नेत असेल तर तो चौकोन फक्त नक्षी आहे. म्हणून डिजिटल सहीचं तंत्र महत्त्वाचं. देणाऱ्याने आपल्या गुप्त किल्लीने सही केली, की एक अक्षर बदललं तरी तपासताना कळतं. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या प्रमाणसंस्थेने अशा पडताळता येणाऱ्या प्रमाणपत्रांचं प्रमाणही ठरवलं.

पण हे सगळं तंत्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, थोडंफार दुसऱ्याचं. तिसरा प्रश्न तिथेच आहे.

तिसरा प्रश्न

आणि इथे इतिहास गंमत करतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने अलीकडे लिपिक-टंकलेखक आणि कर सहायक यांसारख्या पदांसाठी टंकलेखनाची कौशल्य चाचणी घ्यायला सुरुवात केली. प्रमाणपत्र तर हवंच, शिवाय समोर बसून टाइप करून दाखवा. आयटी कंपन्या कोडिंगची परीक्षा घेतात, स्क्रीन शेअर करायला लावतात. म्हणजे फिरून आपण त्याच गोदरेजच्या मशीनपाशी आलो : उतारा, मशीन, घड्याळ.

मला हे बरोबर वाटतं. प्रमाणपत्राने दारापर्यंत आणावं, आत जायचं ते काम करून दाखवून. एवढं मान्य केलं की प्रमाणपत्रावरचं ओझं कमी होतं आणि ते खोटं बनवण्याचा फायदाही. डंप घोकून आलेला माणूस मशीनवर दहा मिनिटांत उघडा पडत असेल तर दोनशे रुपयांची पीडीएफही महागच पडली.

उमेदवाराच्या बाजूने प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे इंटरव्ह्यू घेताना मला हळूहळू कळलं. सरसकट खोटं लिहिणारे कमीच असतात. जास्त असतात ते धूसर लिहिणारे. दोन तासांच्या वेबिनारचं हजेरीपत्रक ‘सर्टिफाइड’ म्हणून येतं. कोर्स अर्धा झालेला असतो आणि तारीखच लिहिलेली नसते. सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते. क्लाउडची बरीच प्रमाणपत्रं दोन-तीन वर्षांनी, काही तर वर्षातच नूतनीकरण मागतात. यातलं काही गुन्ह्यात बसणार नाही. पण समोरच्याने एक धागा ओढला की सगळाच बायोडेटा उसवतो, त्यातला खरा भागसुद्धा.

याउलट जो लिहितो, ‘अमुक परीक्षा, अमुक संस्था, महिना-वर्ष, पडताळणीचा क्रमांक हा’, आणि खालच्या ओळीत ‘तमुक कोर्स चालू आहे, सहापैकी चार भाग झाले’, ‘हे फक्त व्हिडिओ पाहून शिकलो, परीक्षा दिलेली नाही’, त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. तो जुना ‘बी.ए. नापास’वाला हिशोब आहे. जेवढं झालंय तेवढं, नाव-गाव-तारखेसह.

आणि घेणाऱ्याच्या बाजूलाही काही करण्यासारखं आहे. पडताळणीचा क्रमांक दिलेला असेल तर तो उघडून पाहायला मिनिटही लागत नाही, तरी बहुतेक जण पाहत नाहीत. मग अंदाज कशावरून बांधतात? कॉलेजच्या नावावरून, गावावरून, इंग्रजीच्या उच्चारावरून. म्हणजे न तपासण्याची शिक्षा लबाडाला होत नाही, धानोऱ्याच्या मुलाला होते. पुण्या-मुंबईच्या मुलाचं खोटं पचतं आणि याचं खरंसुद्धा संशयाने पाहिलं जातं. एमएस-सीआयटीने वीस-बावीस वर्षांपूर्वी दोघांच्या हातात सारखा कागद दिला होता. तो कागद उघडून बघण्याचे कष्ट कुणी घेतले तरच त्या सारखेपणाला अर्थ आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘एमएस-सीआयटी झालंय का?’ असं विचारलं, तर हो म्हणा, महिना-वर्ष सांगा, नंबर द्या. आणि सोबत एवढंही विचारा : ‘बसू का मशीनवर?’